प्राण खाते आणि अडवलेला पगार : एका नोंदणी सेवेचे परीक्षण

राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतील खाते, म्हणजे ज्याला आपण बोलताना नुसते ‘प्राण खाते’ म्हणतो ते बारा अंकी क्रमांकाचे खाते, बाजारात हिंडून निवडण्याची वस्तू नाही. शासनाच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेच्या सेवेत ठरावीक तारखेनंतर रुजू झालेल्याच्या पदरात ते आपोआप पडते. तरीही त्याचे परीक्षण व्हायला हवे असे मला वाटते, कारण ज्या सेवेसाठी दरमहा मूळ वेतन व महागाई भत्त्याचा दहावा हिस्सा आपण मोजतो, तिची आपण साध्या बचत खात्याइतकीही चिकित्सा करत नाही. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक आहे. माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची असल्याने मी या खात्याचा ग्राहक आहे, आणि शाळेची वेतन देयके शालार्थ प्रणालीत मीच तयार करत असल्याने इतरांचे अर्ज भरून घेणारा मध्यस्थही मीच आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यानंतर माझे मत असे बनले आहे की खाते बऱ्यापैकी आहे, पण ते गळी उतरवण्यासाठी पगार अडवण्याची जी रीत पडली आहे, तिला कायद्याचा आधार नाही.

खात्याचे गुण आधी सांगतो, कारण रागाच्या भरात ते हमखास विसरले जातात. कर्मचाऱ्याच्या १० टक्के अंशदानाबरोबर शासनाचा हिस्सा पूर्वी तेवढाच असे, तो आता १४ टक्के आहे. निधी नियामक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली असतो. त्यासाठीचा २०१३ चा कायदा १ फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आहे, त्यामुळे ही योजना आता केवळ शासन निर्णयांच्या आधारावर उभी नाही. व्यवस्थापनाचा खर्च इतर बहुतेक गुंतवणूक योजनांच्या तुलनेत फारच कमी आहे, आणि कर्मचाऱ्याने वेगळा पर्याय निवडला नाही तर शेअर बाजारात जाणारा भाग ठरावीक मर्यादेत राहतो, म्हणजे भित्र्या माणसालाही झोप लागेल इतपत सावधगिरी त्यात आहे. जमा झालेली प्रत्येक रक्कम, तिच्यावर मिळालेली युनिटे आणि त्या दिवसाचा दर मोबाइलवर पाहता येतो. तीन वर्षांनंतर घरबांधणी, आजारपण, मुलांचे शिक्षण किंवा लग्न अशा कारणांसाठी स्वतःच्या अंशदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक पावतीसाठी ज्यांनी कार्यालयात खेटे घातले आहेत, त्यांना या पारदर्शकतेचे मोल वेगळे सांगायला नको.

दोषही तितकेच ठळक आहेत. नियत वयोमानानुसार निवृत्त होताना ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हाती येते आणि किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित रक्कम देणारी योजना, घ्यावी लागते. त्या वार्षिकीला महागाई भत्ता जोडलेला नसतो. जुन्या योजनेत शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर वाढता महागाई भत्ता मिळत असे, इथे मात्र बाजार देईल ते घ्यायचे. सेवेत असताना मृत्यू आला तर कुटुंबाचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात अनेक वर्षे लोंबकळत राहिला, आणि मार्च २०२३ मधील सात दिवसांच्या संपानंतर त्या महिन्याच्या अखेरीस कुटुंब निवृत्तिवेतनाचा व मृत्यू उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) शासन निर्णय निघाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा कोणा नेत्याच्या डोक्यातून निघाली असे मी मानत नाही. ती या हिशेबातून निघाली आहे. तथापि खाते चांगले की वाईट हा एक वाद झाला, आणि खाते उघडले नाही म्हणून केलेल्या कामाचे पैसे द्यायचे की नाहीत हा दुसरा. पहिल्या वादात माझे सहकारी आपसांत भांडतात. दुसऱ्यात भांडण्यासारखे काही असेल असे मला कधी वाटले नव्हते.

लोक अर्ज भरायला नकार का देतात, हे समजून न घेता त्यांना हट्टी ठरवण्याची पद्धत कार्यालयांत रूढ आहे. ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात परिभाषित अंशदान योजना, म्हणजे हप्ता ठरलेला पण निवृत्तिवेतन न ठरलेले अशी योजना, आली आणि दुसऱ्याच दिवसापासून नेमणूक होणाऱ्यांना ती लागू झाली. पुढे ही योजना राष्ट्रीय प्रणालीत विलीन करण्याचे ठरले. शाळांच्या बाबतीत या दोन टप्प्यांमध्ये बरीच वर्षे गेली, त्या काळात कपात होत राहिली आणि त्या कपातीचा, शासनाच्या हिश्श्याचा व व्याजाचा मेळ सगळीकडे वेळेवर लागला नाही. ज्याच्या आधीच्या रकमेचा हिशेब लागलेला नाही, तो नव्या खात्याच्या अर्जावर सही करताना ‘आधी मागचे दाखवा’ म्हणाला तर त्याला असहकार म्हणता येणार नाही. किराणा दुकानातही मागची बाकी मिटवल्यावरच नवे पान उघडतात. दुसरा गट याहून अवघड आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक झालेले, पण त्यांची शाळा शंभर टक्के अनुदानावर त्या तारखेनंतर आलेली, असे हजारो शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी आहेत. २०१० साली शासनाने अनुदानाची तारीख महत्त्वाची धरली, कर्मचारी मात्र नेमणुकीची तारीख पुढे करतात, आणि हा वाद दीर्घकाळ न्यायालयांत चालला आहे. या माणसाच्या दृष्टीने नोंदणीच्या अर्जावरील सही म्हणजे ‘मी जुन्या योजनेवरचा दावा सोडला’ असा स्वतःच्या हाताने दिलेला पुरावा ठरू शकतो. भीती योग्य की अतिरेकी, हे प्रत्येकाच्या कागदपत्रांवर ठरेल, पण ती निराधार नाही.

आता सेवेच्या त्या भागाकडे येतो, ज्यासाठी हे परीक्षण लिहायला बसलो. आमचे देयक जिथे जाते त्या कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण माझा मुद्दा एका टेबलाचा नाही. एके महिन्यात सूचना आली की ज्या कर्मचाऱ्यांना प्राण क्रमांक नाही त्यांची नावे देयकात घेऊ नयेत, आणि मुख्याध्यापकांनी ‘सर्व पात्र कर्मचाऱ्यांची खाती उघडली आहेत’ असे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय शाळेचे देयकच स्वीकारले जाणार नाही. आमच्याकडे सहा जणांचे अर्ज बाकी होते. त्यामुळे पहिल्या महिन्यात सगळ्या शाळेचा पगार लांबला, आणि ज्यांनी कधीच अर्ज भरले होते ते सहकारी शिक्षक-दालनात या सहा जणांकडे अशा नजरेने पाहू लागले की जणू पैसे यांनीच खिशात घातले आहेत. मला वाटते, या पद्धतीतला सर्वांत वाईट भाग तोच होता. हुकूम कार्यालयाचा, आणि दबाव आणण्याचे काम बिनपगारी सहकाऱ्यांकडून करून घेतलेले. दुसऱ्या महिन्यापासून त्या सहा जणांना वगळून बाकीच्यांचे देयक मंजूर झाले. सहा जण रोज हजेरीपत्रकावर सही करत होते, तास घेत होते, पेपर तपासत होते, आणि दोन महिन्यांनी त्यांच्या खात्यात पतपेढीचा हप्ता चुकल्याच्या दंडाखेरीज दुसरी नोंद नव्हती.

कार्यालयाचे म्हणणे नीट मांडायचे तर ते असे आहे: योजना ऐच्छिक नाही, ती सेवाशर्तींचा भाग आहे, खाते नसेल तर अंशदान भरायचे कुठे, आणि खाते न उघडल्याने शासनाचा हिस्साही पडून राहतो, त्यात नुकसान कर्मचाऱ्याचेच आहे. यातील एकही वाक्य खोटे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ खाली सेवाशर्ती ठरवण्याचा अधिकार शासनाला आहे, आणि त्या तारखेनंतर विनावाद नेमणूक झालेल्याला ‘मला ही योजना नको’ असे म्हणून बाहेर राहता येत नाही. पण या सगळ्यातून निघते ते फार तर इतकेच की अंशदानाची रक्कम कापावी, ती वेगळ्या लेखाशीर्षात ठेवावी, नोटीस द्यावी, आणि तरीही कोणी ऐकत नसेल तर शिस्तभंगाच्या नियमांप्रमाणे त्याचे म्हणणे ऐकून कारवाई करावी. उरलेला पगार अडवण्याचा अधिकार यातून कुठून येतो, हे मला आजवर कोणत्याही पत्रात वाचायला मिळालेले नाही. आकड्यांत बोलू. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ७०,००० रुपये होत असतील तर वाद ७,००० रुपयांच्या अंशदानाचा आहे, आणि रोखून धरले आहेत उरलेले ६३,००० व त्यावरचे घरभाडे. दहा टक्क्यांच्या वादासाठी शंभर टक्क्यांना कुलूप.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० शी याची तुलना केली की हा प्रकार आणखी विचित्र दिसतो. एखाद्याने कर्ज बुडवले, सावकाराने दावा जिंकला आणि न्यायालयाचा हुकूमनामा हाती घेतला, तरी पोटगीचा अपवाद वगळता वेतनातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. ७०,००० च्या वेतनात म्हणजे ४७,००० रुपयांना न्यायालयही हात लावत नाही. निलंबित कर्मचाऱ्याचे उदाहरण त्याहून बोलके आहे. ज्याच्यावर गंभीर आरोप आहेत आणि जो कामावरही येत नाही, त्याला निर्वाह भत्ता मिळतो, आणि सुरुवातीच्या काळात तो साधारण निम्म्या वेतनाइतका असतो. आमच्या सहा जणांवर आरोप नव्हता, ते कामावर होते, आणि त्यांना शून्य मिळाले. ज्याने ही सूचना लिहिली त्याने ही तुलना एकदा तरी करून पाहायला हवी होती.

न्यायालयांनी या विषयावर जे म्हटले आहे ते पुरेसे स्पष्ट आहे. कोविडच्या पहिल्या महिन्यांत आंध्र प्रदेश शासनाने वेतन व निवृत्तिवेतनाचा काही भाग पुढे ढकलला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की वेतन हे दिलेल्या सेवेबद्दल देय असते आणि तो कर्मचाऱ्यांचा हक्काचा भाग आहे. तिजोरी अडचणीत होती हे मान्य करून न्यायालयाने व्याजाचा दर १२ वरून ६ टक्क्यांवर आणला, पण व्याज द्यायला लावलेच. साथीच्या काळात तिजोरी आटली हे कारण जिथे व्याज टाळायला पुरले नाही, तिथे न भरलेला अर्ज हे कारण मूळ रक्कम टाळायला कसे पुरेल? त्याआधी २००३ मध्ये बिहारमधील सार्वजनिक उपक्रमांच्या थकलेल्या वेतनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला होता. आणि २०१३ मध्ये झारखंडच्या प्रकरणात, निवृत्तिवेतन व उपदान ही अनुच्छेद ३००-अ च्या अर्थाने मालमत्ता आहे, ती कायद्याच्या अधिकाराशिवाय हिरावता येत नाही आणि केवळ प्रशासकीय सूचना म्हणजे असा कायदा नव्हे, असा निर्वाळा दिला. भविष्यात मिळायच्या निवृत्तिवेतनाला जर इतके संरक्षण असेल, तर काम पूर्ण झाल्यावर देय ठरलेल्या पगाराला त्याहून कमी असण्याचे कारण मला तरी दिसत नाही. खुद्द नोंदणीच्या वादातही हे घडून गेले आहे. उत्तर प्रदेशात डिसेंबर २०२२ मध्ये नोंदणी न करणाऱ्या शिक्षकांचे वेतन थांबवण्याचा आदेश निघाला, आणि त्याविरुद्ध गेलेल्यांना २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडून दिलासा मिळाला.

इथे एक व्यावहारिक गोष्ट नमूद करतो, कारण चुकीच्या दारात जाऊन लोकांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, पण जिल्हा परिषदेचा किंवा अनुदानित खासगी शाळेचा कर्मचारी सामान्यतः तिथे जात नाही. त्याला अशा प्रकरणी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. त्याआधी लेखी निवेदन देऊन त्याची पोच घ्यावी, आणि वेतन कोणत्या नियमाखाली रोखले आहे हे लेखी विचारावे. आमच्या सहा जणांनी हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर तोंडी आले: ‘वरून आदेश आहे.’ वरचा आदेश मागितल्यावर जे पत्र दाखवले गेले त्यात खाती त्वरित उघडण्याची सूचना होती, विलंब झाल्यास जबाबदारी निश्चित करण्याचा इशारा होता, आणि वेतन रोखण्याविषयी एकही शब्द नव्हता. मधल्या कोणत्या तरी पायरीवर कोणी तरी स्वतःच्या सोयीसाठी ते वाक्य वाढवले असावे. कार्यालयीन पत्रे खाली उतरताना अशी वजनदार होत जातात, हा माझा जुना अनुभव आहे.

शेवटी सहाही जणांनी अर्ज भरला, पण सोबत वेगळे पत्र दिले. त्यात लिहिले होते की हा अर्ज वेतन सुरू होण्यासाठी, हरकत नोंदवून आणि जुन्या योजनेविषयीचा आमचा दावा अबाधित ठेवून देत आहोत, आणि आधीच्या कपातीचा हिशेब अजून मिळायचा आहे. हे पत्र मी आवक क्रमांक घालून घेतले. ज्यांचा दावा प्रलंबित आहे त्यांना मी हाच मार्ग सुचवीन, कारण यामुळे सही दावा सोडल्याचा पुरावा ठरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो आणि घरही चालते. प्रत्यक्ष नोंदणी मात्र गुळगुळीत झाली हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अर्ज लांबलचक नाही. छायाचित्र, बँक खाते, वारसाचे नाव व हिश्शाची टक्केवारी आणि चौकटीच्या आत राहिलेली सही एवढे नीट असले की तो परत येत नाही, आणि क्रमांक मिळाल्यावर खाते मोबाइलवर लगेच दिसू लागले. वारसाचा रकाना घाईने भरू नका, एवढीच सूचना. लग्नापूर्वी भरलेला वारस लग्नानंतर बदलायचा राहून जातो आणि प्रश्न निघतो तो माणूस गेल्यावर. केंद्राने २०२१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जे नियम केले, त्यांत अंशदान उशिरा जमा झाल्यास व्याजासह भरपाईची तरतूद आहे. असा नियम आधीपासून असता आणि आमच्या मागच्या वर्षांना लागू झाला असता, तर निम्मे नकार मुळात उद्भवलेच नसते.

गुण द्यायचे तर खात्याला पाचपैकी तीन देतो: पारदर्शकतेचे व कमी खर्चाचे पूर्ण, महागाईपासून संरक्षण नसल्याचे दोन वजा. मागच्या हिशेबाच्या मेळाला एक. आणि पगार अडवून केलेल्या नोंदणीला शून्य, कारण सेवा कितीही चांगली असली तरी दारात गळा धरून दिलेल्या सेवेला मी गुण देऊ शकत नाही.

त्या सहा जणांचे दोन महिन्यांचे वेतन पुढे पुरवणी देयकाने निघाले. व्याज मिळाले नाही, आणि याचिका करण्याची त्यांची तेव्हा मनःस्थिती नव्हती. रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात आल्याने प्राप्तिकर वाढला, त्यासाठी कलम ८९ ची सवलत मिळवायला नमुना १०ई मी त्यांना भरून दिला. त्याच देयकातून त्या दोन महिन्यांचे अंशदानही कापले गेले आणि नव्या खात्यात जमा झाले, अर्थात पैसे पोचले त्या दिवसाच्या दराने. मधल्या दिवसांत त्या रकमेवर जे काही वाढले असते, ते कोणाच्याच खात्यात नोंदलेले नाही.